साठ मुलं आली, नऊ उरली: उन्हाळी वाचनाचं गणित कुठे चुकतं

पत्र: आमचं ग्रंथालय ‘क’ वर्गाचं, चोपडा तालुक्यात. दोन खोल्या, वर पत्रे, समोर कडुनिंब. मागच्या मे महिन्यात पहिल्यांदाच मुलांसाठी वाचन शिबिर घेतलं. रोज सकाळी १० ते १२, महिनाभर. सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्या तिघांना बक्षीस ठेवलं होतं. पहिल्या दिवशी ६० मुलं आली, शेवटच्या दिवशी ९. १४ पुस्तकं परत आलीच नाहीत. यंदा संचालक मंडळ म्हणतं, ५,००० रुपयांच्या वर काही मिळणार नाही आणि पुस्तकं घरी द्यायची नाहीत. आणखी एक मनात राहून गेलंय. सातवीतला एक मुलगा रोज यायचा, पुस्तक उघडून बसायचा, पण पान उलटायचा नाही. त्याला वाचता येत नाही हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं. यंदा काय बदलू?
(एक ग्रंथपाल)

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी ते बक्षीस काढून टाका. गळती तिथूनच सुरू झाली. ‘सर्वांत जास्त पुस्तकं’ म्हटलं की मुलं कपाटातली सगळ्यात बारीक पुस्तकं शोधतात, पहिलं आणि शेवटचं पान बघतात आणि वहीत नाव लिहितात. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिले तीन कोण हे सगळ्या गावाला कळलेलं असतं. उरलेल्यांना मग यायचं कारणच राहत नाही. हळू वाचणारं मूल, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सगळ्यात आधी जातं.

पुस्तकं मोजू नका, वाचायला बसलेला वेळ मोजा. कार्डशीटचं पोस्टकार्डाएवढं कार्ड करा, त्यावर ६ बाय ५ अशी ३० घरं आखा. एक घर म्हणजे १५ मिनिटं. स्वतः वाचलं तरी चालेल, कोणी वाचून दाखवलं तरी चालेल, धाकट्या भावाला किंवा आजीला वाचून दाखवलं तरी चालेल, तेच पुस्तक चौथ्यांदा वाचलं तरीही चालेल. मूल घर रंगवून आणतं, तुम्ही शिक्का मारता. खोटं रंगवून आणेल का? एखादं आणेल. पण नुसतं ‘यातलं तुला काय आवडलं?’ एवढं विचारत गेलात की आठवडाभरात ते आपोआप थांबतं. २० घरं भरली त्या प्रत्येकाला शेवटी एक पातळ पुस्तक स्वतःचं म्हणून घरी न्यायला मिळेल. नंबर नाही, व्यासपीठ नाही. बक्षीस वाचनाचं असेल तर ते पुस्तकच असावं. कंपास पेटी दिली की मुलं कंपास पेटीसाठी वाचतात आणि पेटी मिळाली की थांबतात.

आता वेळ. १० ते १२ ही वेळ आपल्याकडच्या मे महिन्यात चालणारच नाही. पारा ४३-४४ ला जातो, आणि पत्र्याखाली साडेनऊनंतर मूल पुस्तकात नसतं, घामात असतं. संध्याकाळीही पत्रे तापलेलेच राहतात. सकाळी ७.३० ते ८.४५ ही वेळ धरा, म्हणजे नवाच्या आत मुलं घरी पोचतील. लहानांचा गट तर सरळ कडुनिंबाखाली बसवा.

तारखा ठरवताना शाळेच्या आधी पंचांग बघा. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी मेच्या मध्याला टेकते. त्या आठवड्यात लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गाणी चालू असतात. तेव्हा पुस्तकाला कोणी येणार नाही आणि येऊही नये. आखाजी मेमध्ये असेल तर ती झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू करा, एप्रिलमध्येच आटोपली तर निकाल लागल्यानंतरच्या सोमवारी. चार आठवडे पुरे. जूनच्या तोंडावर कपाशीच्या लागवडीची धांदल सुरू होते, शक्य तितकं त्याआधी आवरा.

लग्नसराई आणि मामाचं गाव यांच्याशी भांडू नका. मे महिन्यात गावातली निम्मी मुलं बाहेर आणि बाहेरची तितकीच गावात असतात. ‘पहिल्या दिवशी नाव नोंदवलं तरच प्रवेश’ असा नियम ठेवलात तर दोन्हीकडची मुलं गेली. कार्ड कोणत्याही दिवशी सुरू होऊ द्या. आठ दिवसांसाठी आलेल्या भाच्यालाही कार्ड द्या. आठ दिवसांत ८ घरं भरली तर तो उरलेलं कार्ड आपल्या गावी घेऊन जाईल.

६० मुलं एका वेळी दोन खोल्यांत बसवून एकट्या माणसाला काहीच करता येत नाही, फक्त ‘गप्प बसा’ म्हणता येतं. तीन गट करा. ५ ते ७ वर्षांची सोमवारी आणि गुरुवारी, ८ ते १० ची मंगळवारी आणि शुक्रवारी, ११ ते १४ ची बुधवारी आणि शनिवारी. एका दिवशी जास्तीत जास्त २० मुलं, म्हणजे वाचून दाखवणारा एकच माणूस पुरतो. प्रत्येक गटाला चार आठवड्यांत ८ बैठका मिळतात. मोठ्या गटातली तीन-चार मुलं-मुली लहानांच्या दिवशी मदतनीस म्हणून बोलवा. तशीही मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येतच असते, तिला दारात थांबवण्यापेक्षा कामाला लावा. मोठी माणसं मात्र कायम दोन हवीत. एखादं मूल पडलं, कोणाला उलटी झाली तर एकजण त्याच्यासोबत जाईल आणि दुसरा बाकीच्यांपाशी राहील.

११-१२ वर्षांच्या मुली आठवड्यानंतर का दिसेनाशा होतात हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण कारण बहुतेक हेच असेल: सकाळी घरोघरी बिबड्या, पापड, कुरडया चाललेल्या असतात आणि वाळवण राखायला ह्याच मुली असतात. त्यांना सकाळची सक्ती करू नका. रोज संध्याकाळी ६ ते ७ फक्त देवघेवीसाठी दार उघडं ठेवा. पुस्तक घेऊन गेलेली मुलगी वाळवणापाशी बसून वाचते. तिची घरं सकाळी येणाऱ्यांच्याआधी भरली तर नवल वाटायला नको.

सव्वा तासाच्या बैठकीचा निम्मा वेळ तरी मुलांच्या हातात पुस्तक असलं पाहिजे. साधारण असं धरा: पहिली १० मिनिटं आलेली पुस्तकं परत घेणं आणि शिक्के, मग १५ मिनिटं तुम्ही वाचून दाखवायचं, २५ मिनिटं ज्याचं त्यानं वाचायचं, १० मिनिटं त्या गोष्टीवर काहीतरी करायचं, शेवटची १५ मिनिटं घरी न्यायचं पुस्तक निवडायला. ही शेवटची १५ मिनिटं कापू नका. घाईत उचललेलं पुस्तक तसंच परत येतं. उलट ‘काहीतरी करायचं’ हा भाग सगळ्यात जास्त फुगतो. कागदाचा मुखवटा करायला घेतला की ४० मिनिटं जातात, गोंद सांडतो, आणि वाचन उद्यावर जातं. चित्र काढणं, गोष्टीतला एक प्रसंग करून दाखवणं, शेवट बदलून सांगणं एवढं पुरे. जादूगार, सिनेमा, भाषणं यांच्यासाठी दुसरे महिने आहेत. उद्घाटन करायचंच असेल तर १० मिनिटांचं करा, आणि पाहुण्यांना हार घालण्याऐवजी त्यांच्याकडून एक गोष्ट वाचून घ्या.

वाचून दाखवणं हे या सगळ्याचं काळीज आहे, म्हणून थोडं सविस्तर. ७.३० ला ऊन तिरपं असतं. तुमची पाठ सूर्याकडे असेल तर मुलांना पुस्तकाऐवजी नुसती तिरीप दिसते. सूर्य मुलांच्या पाठीशी घ्या, तुम्ही झाडाच्या बुंध्याकडे बसा. २० मुलं अर्धगोलात, तीन ओळींत. सगळ्यात मागचं मूल तुमच्यापासून सात-आठ फुटांच्या पुढे नको, नाहीतर चित्र दिसत नाही आणि ते मूल मातीत रेघोट्या ओढायला लागतं. पुस्तक मांडीवर धरायचं नाही. उजव्या हातात, खांद्याच्या उंचीला, खालून मधोमध पकडून, उघडं पान पूर्ण मुलांकडे. तुम्ही बाजूने वाकून वाचायचं. हे जमायला घरी तीनदा मोठ्याने वाचावं लागतं, कारण निम्मा मजकूर पाठ असल्याशिवाय नजर मुलांकडे जात नाही. पान उलटण्याआधी दोन श्वास थांबा. २४ पानांचं चित्रपुस्तक याप्रमाणे ८-१० मिनिटांत होतं. मध्ये एकाच जागी थांबून ‘आता काय होईल?’ विचारा. शेवटी ‘यातून काय शिकलो?’ हा प्रश्न अजिबात नको. तो विचारला की गोष्ट संपते आणि शाळा सुरू होते.

वाचून मराठीत दाखवा, पण मुलाला गोष्ट परत सांगायची असेल तर ती अहिराणीत सांगू द्या, पावरा आदिवासींच्या पावरीत सांगू द्या. ‘तो उना’ म्हणणाऱ्याला ‘तो आला म्हण’ असं मध्येच टोकलं की ते मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही. गोष्ट कळलीय की नाही, एवढंच आपल्याला बघायचंय. तिसऱ्या आठवड्यात एक काम मोठ्या गटाला द्या: प्रत्येकाने घरातल्या आजीकडून किंवा आजोबांकडून एक गोष्ट, कोडं नाहीतर आखाजीचं गाणं ऐकायचं आणि जसं ऐकलं तसंच लिहायचं, शुद्धलेखन न बघता. त्यांना हेही सांगा की जळगावजवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने आणि त्याच्या मावसभावाने उतरवून ठेवल्या म्हणून त्यांच्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या. आलेली पानं शिवून जाड पुठ्ठा लावा, दाखल नोंदवहीत ‘भेट’ म्हणून नोंद करा आणि क्रमांक टाकून बालविभागात ठेवा. आपल्या आजीची गोष्ट शिक्क्यासकट कपाटात आहे हे दाखवायला मुलं घरच्यांना ओढून आणतात.

पुस्तकं किती लागतात? ५० मुलं धरली आणि प्रत्येकाच्या घरी २ असली तर १०० बाहेर, शिवाय बैठकीत हाताळायला आणि निवडायला तेवढीच. म्हणजे किमान २००. तुमच्याकडे नोंदीत असतीलही, पण कपाट उघडून बघा. बारीक टाइपाची, पिवळी पडलेली, मोठ्यांनी मुलांना उपदेश करायला लिहिलेली पुस्तकं या दोनशेत धरू नका. कमी पडतील ती शेजारच्या गावच्या ग्रंथालयाकडून घ्या: तुमची ५० त्यांना, त्यांची ५० तुम्हाला, १५ दिवसांसाठी. यादी दोन प्रतींत करा आणि दोन्ही ग्रंथपालांच्या सह्या घ्या. ही पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवू नका, वेगळी वही ठेवा, नाहीतर तपासणीच्या वेळी गोंधळ होतो.

‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मिळतात आणि त्या छापून वाटायची उघड परवानगी आहे. पहिल्या दोन पातळ्यांच्या २० गोष्टी छापून, मधून स्टेपलरच्या दोन पिना मारल्या की लहानांची सोय झाली.

५,००० असे वाटा: २,५०० ची पातळ चित्रपुस्तकं (पन्नास-साठ रुपयांची धरली तर चाळीस ते पन्नास, हीच शेवटी वीस घरं भरणाऱ्यांना द्यायची, तोवर बैठकीत वापरा, घरी देऊ नका), ५०० छपाईला, ३०० कार्डशीट आणि शिक्क्याच्या शाईला, ४०० फेविकॉल, ब्रश आणि कापडी पट्टीला, ५०० खडू-कागदाला, ३०० दोन माठ आणि ओआरएसच्या पुड्यांना. उरलेले ५०० हातचे राखा. वीस मुलांना सव्वा तासात १० लिटर पाणी लागतं, म्हणून एक माठ भरलेला आणि एक निवत ठेवलेला. सतरंज्या गावातून मागा, मिळतात. पुढच्या वर्षासाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या बालविभागाच्या साहाय्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात आतापासूनच करा. यंदाच्या कामाची आकडेवारी तिथे उपयोगी पडेल, म्हणून रोजची हजेरी आणि देवघेव तारीखवार लिहीत जा.

पुस्तकाची निवड मुलानेच करायची, पण पाच बोटांची खूण शिकवा. पुस्तकाचं मधलं पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पानाच्या शेवटी मूठ झाली तर पुस्तक आत्ता जड आहे. पानावर दोन-तीनच ओळी असतील तर तीन बोटं पुरे. मराठीत मुलं बरेचदा अडतात ती जोडाक्षरांवर. म्हणून पुस्तक सोपं की जड हे दाखवणारे रंगीत ठिपके चिकटवताना इयत्ता बघू नका, पानावर जोडाक्षरं किती हे बघा. ठिपक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाच्या हातांनी तो दोन दिवसांत निघतो.

आता ती १४ पुस्तकं. मंडळाची भीती खरी आहे, पण घरी पुस्तक न देता उन्हाळी वाचन होत नाही. आठ बैठकांत २५-२५ मिनिटं वाचून फार तर तीन तास वीस मिनिटं होतात. बाकी सगळं वाचन घरी, ओट्यावर, झोक्यावर व्हायचं असतं. पुस्तकं हरवतात ती बहुतेक अपुऱ्या नोंदीमुळे. वहीत ‘गणेश पाटील’ एवढंच लिहिलं असेल तर गावात पाच गणेश पाटील निघतात. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गल्ली, आणि पाहुणं मूल असेल तर ज्या मामाकडे उतरलंय त्याचं नाव लिहा. पुस्तक मामाकडून मागता येतं. जितकी परत येतील तितकीच नवी, हा एकच नियम. दंड लावू नका, अनामतही मागू नका. दोन रुपये दंड भरावा लागेल या धास्तीने मूल पुस्तक लपवतं आणि मग ते कधीच येत नाही. शेवटच्या आठवड्यात मदतनीस मुलांना गल्लीवार यादी देऊन फिरवा, बरीचशी दोन दिवसांत येतात. मंडळाला आधीच ठरावात लिहून घ्यायला सांगा की देवघेवीतल्या पुस्तकांपैकी पाच टक्क्यांपर्यंत झीज धरली आहे. मग एखादं हरवलं तर त्याचा भार तुमच्या एकटीवर येणार नाही.

फाटलेली पुस्तकं मोठ्या गटाकडून दुरुस्त करून घ्या. पानांना साधी चिकटपट्टी लावू नका. आपल्या उन्हात तिचा डिंक दोन उन्हाळ्यांत पिवळा पडून सुटतो आणि पानावर तेलकट डाग राहतो. पिठाची खळही नको, तिला कसर आणि झुरळं लागतात. सुटलेल्या पानाच्या आतल्या कडेला काडीच्या जाडीएवढाच पातळ केलेला फेविकॉल लावायचा, पान बरोबर बसवायचं, दोन्ही बाजूंना दुधाच्या पिशवीचं धुतलेलं प्लास्टिक ठेवायचं म्हणजे शेजारची पानं चिकटत नाहीत, आणि रात्रभर वर विटा. स्वतः जोडलेलं पुस्तक मुलं जपून हाताळतात.

त्या सातवीतल्या मुलाबद्दल सगळ्यात शेवटी लिहितो आहोत, कारण त्याच्यासाठी सगळ्यात जास्त सावकाशीने चालावं लागेल. त्याला पहिलीचं पुस्तक देऊन कोपऱ्यात बसवू नका, तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. रोज यायचा, म्हणजे त्याला यायचं होतं. शिबिराच्या आधीच त्याला बोलवा आणि सांगा की लहानांच्या गटाला वाचून दाखवायला माणूस हवाय. पहिल्या पातळीचं एक पुस्तक निवडा, पानावर एकच ओळ असलेलं. सकाळी मुलं येण्याआधी १५ मिनिटं, दार लोटून, तुम्ही ओळ वाचा, बोट ठेवून त्याने मागे वाचायची. पहिले दोन दिवस त्याची निम्मी ओळ पाठांतराची असेल, असू द्या. तिसऱ्या दिवशी तीच वाक्यं पानांचा क्रम बदलून दाखवा, तेव्हा तो अक्षरांकडे बघायला लागतो. कोणती जोडाक्षरं अडतात ती एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, एका दिवसाला दोनच घ्या. आठवड्याभरात एक पुस्तक पक्कं होईल. मग सोमवारी कडुनिंबाखाली, वीसच्या नाही, चारच लहानग्यांच्या घोळक्यात त्याला ते वाचू द्या, आणि तुम्ही तिथे उभ्या राहू नका. पुस्तकांच्या टेबलाशी जाऊन शिक्के मारत बसा. पुढच्या सोमवारसाठी दुसरं पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या.